नोव्हेंबरची बी, जूनचा पाऊस : चहाच्या बियांच्या साठवणीच्या नोंदी

१० ऑक्टोबर २०२४, सत्तरी, गोवा

कामाला हात घालण्याआधी अडचण नीट मांडून ठेवते. ईशान्येकडे चहाची बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकते. आमच्याकडे नवीन रोप लावायचं ते जूनमध्ये, पाऊस मुरल्यावर. मधले सात महिने ही बी जिवंत कशी ठेवायची, एवढाच या नोंदींचा विषय. चहाचा मळा करण्याचा विचार नाही. पोफळीच्या दोन ओळींमधल्या जागेत, सावलीत, थोडी झुडपं लावून बघायची आहेत. जांभा दगडाची ही माती मुळात आम्लधर्मी आहे. चहाला साधारण ४.५ ते ५.५ सामू लागतो, तो आमच्या वरच्या कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, जवळपास आहेच.

काजूची बी असती तर हे काही लिहावंच लागलं नसतं. काजू चार दिवस उन्हात वाळवा, गोणपाटात भरून ठेवा, पावसाच्या तोंडावर पिशवीत टोचा, उगवते. भाताचं, मिरचीचं, वालाचंही तेच. बियांच्या शास्त्रात ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांचे दोन गट पाडले. पहिल्या गटातली बी जितकी वाळवावी आणि गार ठेवावी तितकी जास्त जगते. बीज-पेढ्यांमध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर आणून उणे १८ ते २० अंशांत वर्षानुवर्षं ठेवतात. दुसऱ्या गटातल्या बीला वाळणंच सोसत नाही. ती झाडावरून पडते तेव्हाच तिचं आतलं जगणं चालू असतं, श्वास चालू असतो, आणि पाणी उतरलं की ती मरते. चहा या दुसऱ्या गटात येतो.

आता हा दुसरा गट कुळागरवाल्याला, म्हणजे पोफळी-मसाल्याची बाग करणाऱ्याला, नवा आहे का? फणस, कोकम, जायफळ, जांभूळ सगळे त्याच गटातले. जायफळाची बी पडल्या पडल्या रुजत घातली नाही तर ती फक्त मसाल्याच्या कामाची राहते, हे इथल्या कोणालाही माहीत आहे. तेव्हा आसामच्या बीसाठी वेगळी अक्कल शोधण्याआधी घरातली वापरावी, असं मला वाटतं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगो, त्यात काय एवढं? बिकणां ठेवतो तशी ठेव. तांबडी माती चोपडायची आणि कोपऱ्यात ओतून द्यायची." फणसाच्या बिकणांना ओल्या मातीचा लेप देऊन ठेवण्याची ही रीत या घरात अजून चालू आहे. ती बिकणां आमटीत पडायची असतात, रुजायची नसतात, हा फरक आहे. पण लेपाचं काम तेच : आतलं पाणी आत राहावं.

२६ ऑक्टोबर

जोरहाटजवळच्या एका छोट्या चहा-बागायतदारांशी फोनवर बोलणं झालं. बी त्यांच्याकडूनच येणार आहे. त्यांच्याकडे पानं खुडण्याची बाग वेगळी आणि बियांसाठी राखलेली झाडं वेगळी. खुडण्याच्या झुडपाला कमरेएवढंच ठेवतात. बियांचं झाड छाटत नाहीत, ते मोठं झाड होऊ देतात. सध्या त्यांच्या झाडांवर या वर्षीची पांढरी फुलं आणि गेल्या वर्षीच्या फुलांची पिकलेली फळं एकाच वेळी आहेत. चहाचं फळ पिकायला जवळपास वर्ष लागतं, त्यामुळे दोन हंगाम एका फांदीवर भेटतात.

मी विचारलं, बी झाडावरून तोडता की खालून वेचता? ते म्हणाले, "दीदी, झाडावरून तोडलेली कच्ची असते. फळ स्वतः फुटून बी खाली पडू द्यायची आणि रोज वेचायची. दोन दिवस उन्हात पडून राहिली की गेली."

बांधणीबद्दल त्यांना तीन गोष्टींची विनंती केली. कापडी पिशवी नको. ओलसर कोळशाच्या भुकटीत बी मुरवून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा. आणि पार्सल वेचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघू द्या. कोळशाची पद्धत त्यांच्याकडे जुनीच आहे. कोळसा हलका, पाणी धरून ठेवणारा, त्याच्या कणांमधून हवा खेळते, आणि बुरशीला त्यात खायला फारसं काही मिळत नाही.

१२ नोव्हेंबर

पार्सल आलं. उद्या व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, घरात तुळशीवृंदावन रंगवायची धांदल. त्यातच अंगणाच्या कडेला गोणपाट पसरून उघडलं.

चार पिशव्यांपैकी एक वाटेत फाटली होती. तिच्यातला कोळसा कोरडा झाला होता, बीही वर आली होती. बाकी तीन उत्तम. कोळसा मुठीत दाबला तर गोळा होतो पण पाणी गळत नाही, असा. फाटलेल्या पिशवीतली बी वेगळ्या परातीत ठेवली. ती बाकीच्यांत मिसळणार नाही.

बी हातात घेऊन पाहिली. लहान गोटीएवढी, कठीण तपकिरी कवच, एका बाजूला फिकट ठिपका. तो तिचा डोळा. काही गोल आहेत, काहींना एक बाजू चपटी. फळात तीन कप्पे असतात, शेजारची बी दाबून बसली की ही चपटी बाजू तयार होते. एक फोडून बघितली. आत दोन जाड दलं, खोवलेल्या ओल्या नारळासारखी पांढरी, दाबली की बोटाला तेल लागतं. हे तेल तिच्या नाशाचंही एक कारण असतं. बी सुकू लागली की ते खवट व्हायला लागतं.

ताज्या बीच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते तीस टक्क्यांच्या खाली सरकू लागलं की रुजवण झपाट्याने पडते. म्हणजे भाताचं बियाणं ज्या ओलाव्यावर आनंदात असतं, तिथपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी चहाची बी संपलेली असते.

संध्याकाळी सगळी बी घंगाळात पाण्यात घातली. तरंगण्याची चाचणी.

१४ नोव्हेंबर

भरलेली बी बुडते, कारण कवच आणि गर यांच्यात पोकळी नसते. गर आकसला की हवा शिरते आणि बी तरंगते. पहिल्या रात्रीनंतर बुडालेली काढून घेतली. तरंगणारी लगेच टाकायची नसतात, अजून एक दिवस पाण्यात ठेवली की त्यांतलीही बरीच पाणी पिऊन बुडतात. त्यानंतरही वर राहिली ती मात्र खतात. फाटलेल्या पिशवीतली जवळपास निम्मी बी शेवटपर्यंत वरच राहिली. चांगल्या पिशव्यांतली थोडीच. वाटेतले तेवढेच दिवस, तोच उष्मा, फरक फक्त कोळशाच्या ओलीचा. ही आजची सगळ्यात किमती नोंद.

बुडालेल्या बियांचे पाच भाग केले.

पहिला भाग लगेच पेरला, साठवणीशिवाय. काळ्या पिशव्यांत वरची माती, वाळू आणि थोडा कुजलेला पाला. शेणखत नाही, चुना तर मुळीच नाही. डोळा खाली, इंचभर खोल. पिशव्या पोफळीखाली, पाटाच्या कडेला.

दुसरा भाग मातीच्या मडक्यात ओल्या वाळूच्या थरांत, मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) सावलीच्या बाजूला अर्धा पुरून.

तिसरा भाग ओलसर कोळशात, भोकांच्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या भाजीच्या खणात. तिथे थर्मामीटर चार ते सहा अंश दाखवतो. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ ठेवणं धोक्याचं. पाण्याने भरलेली पेशी गोठली की बर्फाचे स्फटिक तिच्या भिंती फाडतात, आणि मग ती बी वितळल्यावर कुजण्याशिवाय दुसरं काही करत नाही.

चौथा भाग तसाच फ्रिजमध्ये, पण पिशवीला एकही भोक न पाडता, तोंड घट्ट बांधून. पाणी उडू नये म्हणून असं करा असा सल्ला बरेच जण देतात, म्हणून हा भाग.

पाचवा भाग उघड्या टोपलीत, मांगराच्या माळ्यावर, काजूच्या बी शेजारी.

तिसऱ्या आणि चौथ्या पिशवीचं वजन सोनाराकडच्या लहान काट्यावर करून पिशवीवरच लिहिलं. घरी ओलावा मोजण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. प्रयोगशाळेत बी चिरडून १०३ अंशांच्या भट्टीत सतरा तास वाळवून ओलावा काढतात. आपण फक्त पिशवी तोलायची. वजन उतरलं की तेवढं पाणी उडालं.

२ डिसेंबर

टोपलीतली बी संपली. कानाजवळ धरून हलवली की आत गर वाजतो. फोडून बघितलं : गर आकसून पिवळट, कडा तपकिरी, तेलाचा वास खवट. त्याच माळ्यावर, त्याच हवेत काजूची बी धडधाकट आहे.

काही दिवसांत पूर्ण भाग जातो, हे आता सांगोवांगी राहिलं नाही.

१८ जानेवारी २०२५

मडक्यातल्या वाळूतून पांढरी मुळं बाहेर आली. वरचा थर हलवला तर कवचं दुभंगलेली, मुळं दोन-दोन इंच खाली गेलेली. थंडी म्हणावी तर इथे पहाटेही फारशी नसते. ओल आहे, ऊब आहे, हवा आहे. बीला थांबायचं काही कारणच नाही. तिला आंब्यासारखी पडल्यावर लगेच उगवायची घाई असते, विश्रांतीचा काळ तिच्या स्वभावात नाही.

म्हणजे गोव्याच्या हवेत ओल्या वाळूचं मडकं ही साठवण ठरत नाही, ती रोपवाटिकाच होते. ज्याला दोन-तीन आठवडे सांभाळायची आहे त्याला मडकं पुरेल. जूनपर्यंत पोचवायचं असेल तर नाही. फुटलेली बी मूळ न मोडता पिशव्यांत हलवली. दोन्ही हातांच्या ओंजळीत वाळूसकट उचलावी लागते, मूळ काचेसारखं तुटतं.

पहिल्या भागातल्या पिशव्यांत कोंब दिसू लागले. चहाची दलं जमिनीखालीच राहतात, वर येतो तो थेट लालसर कोंब, म्हणून सुरुवातीला नजरेला पडत नाही.

२५ जानेवारी

मडक्यावरून आठवलं म्हणून दोन जुन्या हकिकती इथे लिहून ठेवते, कारण दोन्हींचा या कामाशी थेट संबंध आहे.

स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला चहाचं जिवंत झाड हवं होतं. चीनहून जहाजांतून येणारी बी पोचेपर्यंत मेलेली असे, रोपं समुद्रात दगावत. शेवटी एकेबर्ग नावाच्या कप्तानाने चीनमधून निघतानाच बी कुंड्यांत पेरली, ती वाटेत रुजली, आणि १७६३ साली जिवंत रोपं स्वीडनला पोचली.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहा आणणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूनसमोर हीच अडचण होती. त्याने काचेच्या बंद वॉर्ड पेट्यांमध्ये तुतीची रोपं लावली आणि त्यांच्या बुडाशी मातीवर चहाची बी पसरून वर मातीचा पातळ थर दिला. पेट्या कोलकात्याला पोचल्या तेव्हा तुतीभोवती चहाची रोपं दाटून उगवली होती. नंतर ती हिमालयाच्या पायथ्याच्या बागांत गेली.

दोघांनीही बी टिकवायचा हट्ट सोडला आणि ती प्रवासातच वाढू दिली. माझ्या मडक्याने जानेवारीत जे केलं ते हेच. हिवाळ्यात आमच्या पाटाला पाणी असतं. मग जूनची वाट बघायची ती फक्त शेतात लावण्यासाठी. पेरण्यासाठी कशाला?

९ फेब्रुवारी

चौथा भाग उघडला. पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, वजन जसंच्या तसं, म्हणजे ओलावा पूर्ण टिकला. तरीही तोंड सोडताच आंबूस वास आला, ताडीच्या मडक्यासारखा. बी चिकट झाली होती. काही फोडल्या : गर पांढरा आहे पण मऊ पडलेला, मधोमध अंकुराच्या जागी करडा डाग.

श्वास घेणाऱ्या बीला हवा बंद केली की ती आतल्या आत आंबते. थंडीत श्वास मंदावतो, थांबत नाही. पाणी राखायचं आणि हवा खेळती ठेवायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि सगळी कसरत त्या दोहोंमध्ये आहे. सुईने पाडलेली दहा-बारा भोकं पुरतात.

याच भागातली सर्वांत घट्ट बी धुऊन रुजत घातली. आशा कमी आहे.

२३ मार्च

तिसरा भाग, म्हणजे फ्रिज आणि कोळसा. दर पंधरवड्याला तोलते. वजन थोडं उतरलं होतं, तेवढं पाणी फवारून कोळसा पुन्हा मुठीत गोळा होईल इतका केला. मागच्या वेळी पाच-सहा बियांवर पांढरी बुरशी दिसली होती. त्या काढल्या, बाकीच्या साध्या पाण्याने धुतल्या, सावलीत कवचावरचं पाणी निथळेपर्यंतच ठेवल्या आणि नव्या कोळशात भरल्या. या वेळी स्वच्छ. डोळ्यापाशी काहींचं कवच केसाएवढं फुटलंय. चार अंशांतही ती हळूहळू पुढे सरकतेच आहे.

नमुन्याची एक कापून पाहिली. गर पांढरा, घट्ट, सुरीला कच्च्या सुपारीसारखा लागतो. प्रयोगशाळेत अशी कापलेली बी टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवतात, जिवंत भाग लाल होतो. आपल्याला रंग, घट्टपणा आणि वास यांवर भागवावं लागतं, आणि अंदाज बराच जुळतो.

घरात एक कुरबुर आहे. भाजीच्या खणातली जागा. सासूबाईंचा शिगम्यातला फणस त्यात बसला नाही. माझ्या मते ती तक्रार रास्त आहे. ज्याला हे दरवर्षी करायचंय त्याने वेगळी सोय करावी.

२० एप्रिल

काल संध्याकाळी वळवाचा गडगडाट, रात्रभर वीज नव्हती. गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत पिशवीच्या बाजूला ठेवल्या होत्या, बीला न टेकवता. सकाळी आत अकरा अंश. एका रात्रीने काही बिघडत नाही, पण मे महिन्यात असं वारंवार होणार. खेड्यातल्या फ्रिजवर विसंबून महिनोन् महिने ओली बी ठेवणं ही यातली कच्ची कडी आहे.

८ मे

तिसरा भाग बाहेर काढला. जूनपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण रुजायलाही वेळ लागतो आणि रोप पावसाच्या पहिल्या झोडीआधी जमिनीवर दिसायला हवं. वाफ्यात वाळूचा थर, त्यावर बी एकेरी पसरली, वर ओलं गोणपाट. रोज सकाळी तासभर गोणपाट काढून कोवळं ऊन, मग पाणी. ऊब आणि ओल यांच्या या खेळाने कवच तडकतं. तडकलेली रोज वेचायची आणि पिशवीत लावायची. न तडकलेली तशीच पेरली तर पुढचे-मागचे उगवत राहतात आणि रोपं एकसारखी येत नाहीत.

२७ मे

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. तडकलेली जवळपास सगळी बी पिशव्यांत गेली होती, उरलेली मूठभर घाईने लावली. पिशव्यांखाली दगड लावून उंच केल्या. पाणी साचलं तर चहाचं मूळ सर्वांत आधी कुजतं.

६ जुलै

हिशेब स्पष्ट झालाय. नोव्हेंबरात लगेच पेरलेल्या भागातली शंभरातली ऐंशीच्या घरात बी उगवली. मडक्यातून हलवलेल्यांपैकी साधारण तितकीच, मूळ मोडलेली सोडून. फ्रिज आणि कोळशातली साठ-पासष्ट. बंद पिशवीतून उचललेल्यांपैकी मोजकी दोन-चार, तीही रोगट. टोपलीतली शून्य.

साठवण जमते, यात शंका नाही. सहा महिन्यांनी निम्म्याहून बरीच जास्त बी जिवंत मिळाली. पण नोव्हेंबरची रोपं आज वीतभर उंच, सहा-सात पानांची आहेत. फ्रिजमधली अजून दुसरं पान उलगडतायत. या पावसाळ्यातली वाढ त्यांच्या हातून गेली. म्हणून माझा निर्णय असा : ज्याच्याकडे बारमाही पाट किंवा विहीर आहे त्याने बी आल्या आठवड्यात पिशवीत लावावी. उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी लागतं, विजेवर अवलंबून राहावं लागत नाही. ज्याच्याकडे मार्चनंतर पाणी आटतं, वरच्या डोंगराकडेच्या वाड्यांवर हे बहुतेक घरांचं आहे, त्याच्यासाठी कोळसा, भोकांची पिशवी आणि थंड खण. तिथेही एप्रिलच्या शेवटापलीकडे ताणू नये.

पलीकडच्या वाड्यावरचे काका मिरवेलीसोबत लावायला बी मागत होते. त्यांच्याकडे पाणी फेब्रुवारीपर्यंतच असतं. त्यांना म्हटलं, "काका, बी नको, तयार रोपच घेऊन जा. पुढच्या जूनपर्यंत इथेच वाढवते." चहाचं रोप पक्क्या जागी जायला तसंही वर्ष लागतं.

नोव्हेंबरच्या पिशव्यांवरची झावळ्यांची सावली आता एकाआड एक काढते आहे. मुळं पिशवीच्या तळातून बाहेर डोकावू लागली की मोठ्या पिशवीत हलवायचं. ऑगस्टमध्ये वरच्या कुणग्यांतली माती तपासणीला द्यायची आहे. चार जागचे नमुने, वीतभर खोलीवरून, पाऊस उघडल्यावर.